राघूला आपण पाळलं कुठे?



मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एक काकू आमच्याकडे आल्या. त्या दिवशीचा विषय वेगळा होता, पण त्यांच्या मनात भलतंच काही चाललं होतं. म्हणाल्या, "तुम्ही जुन्या काळाचं सांगता म्हणून विचारते. आमच्याकडे अकरा वर्षांचा राघू आहे. सासूबाईंनी आणलेला. त्या गेल्या, तो आहे. आता मुलगा म्हणतो, पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे, सोडून दे. मी दार उघडून ठेवते, पण तो बाहेरच येत नाही. काय करायचं आम्ही?"

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. जरा लांबून, सव्वादोन हजार वर्षांना वळसा घालून येणारं उत्तर आहे, तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना धागा सुटणार नाही. आपण गाय पाळली, कुत्रा पाळला, कोंबडी पाळली, कबूतर पाळलं. पाळलं म्हणजे काय? तर ती जनावरं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगणात जन्मली, आपण त्यांच्या जोड्या लावल्या, आणि हळूहळू ती आपल्या घराला साजेशी बदलत गेली. पोपटाचं तसं झालं नाही. तो आपल्या घरात दोन हजार वर्षांहून जास्त काळ आहे, पण दर पिढीला तो रानातून नव्यानं आणलेला आहे. पिंजऱ्यातला राघू हा पाळीव पक्षी नव्हेच. घरात कोंडलेला रानपक्षी आहे. हे आम्ही आजच्या कायद्याच्या भाषेत बोलत नाही. आपलं जुनं वाङ्‌मयच हे सांगतं, फक्त आपण ते त्या कानानं ऐकलेलं नाही.

राजाची यादी

अशोकाचा पाचवा स्तंभलेख बहुतेकांना परीक्षेपुरता माहीत असतो. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं झाल्यावर, म्हणजे इ.स.पू. २४३ च्या आसपास, त्यानं काही प्राण्यांना मारू नये अशी आज्ञा काढली आणि त्यांची यादीच कोरून ठेवली. त्या यादीत पहिलं नाव कुणाचं? हत्तीचं नाही, मोराचं नाही. पहिलं नाव शुकाचं, म्हणजे पोपटाचं, आणि दुसरं सारिकेचं, म्हणजे मैनेचं. आपली राघू-मैनेची जोडी इतकी जुनी आहे. खरं म्हणजे हे दोन अगदी वेगळ्या कुळांतले पक्षी. त्यांचं लग्न निसर्गात लागत नाही, ते आपल्या गाण्यांतून लागलं. दोघांत समान गोष्ट एकच, दोघंही माणसासारखं बोलतात. त्याच लेखाच्या शेवटी राजा सांगतो की आजवर पंचवीस वेळा आपण बंदिवानांना मुक्त केलं. पिंजऱ्यातल्या बंदिवानाबद्दल मात्र तो काही म्हणत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही पोपट भेटतो. एकदा वधाला बंदी असलेल्या मंगल पक्ष्यांमध्ये, आणि एकदा राजवाड्यात. तिथे त्याला काम दिलेलं आहे. सापाची किंवा विषाची शंका आली की शुक-सारिका ओरडतात, म्हणून त्यांना राजाच्या घरात ठेवावं असं तो सांगतो. आता यात अगदीच तथ्य नाही असं नाही. थव्यानं राहणारा पक्षी धोका दिसताच आरडाओरडा करून बाकीच्यांना सावध करतो. पोपटाचा तो स्वभावच आहे. एकंदरीत त्या काळी त्याला जीवदान होतं, नोकरी होती. आकाश तेवढं नव्हतं.

माडीवरचा पोपट

पुढे तो राजवाड्यातून नगरातल्या माडीवर आला. वात्स्यायनानं कामसूत्रात ज्या चौसष्ट कला मोजल्या, त्यांत पोपट-मैनांना बोलायला शिकवणं ही एक कला आहे. सुखवस्तू नागरकाच्या दिनचर्येत जेवणानंतरचा वेळ याच कामासाठी राखून ठेवलेला दिसतो. अमरुशतकातला एक प्रसंग तर संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. रात्रीचं नवराबायकोचं बोलणं घरातल्या पोपटानं ऐकलं आणि सकाळी वडीलमंडळींसमोर ते घडाघडा म्हणायला लागला. सून बिचारी लाजेनं अर्धमेली होते आणि डाळिंबाचा दाणा भरवते आहे असं दाखवून कानातलं माणिक त्याच्या चोचीत कोंबते. हसायला येतं, पण इतिहासाच्या दृष्टीनं त्यातून बरंच कळतं. पिंजरा शयनगृहाजवळ असे, पोपट माणसांच्या संगतीत असे आणि त्याला डाळिंब भरवलं जाई.

हा लौकिक समुद्रापारही गेला होता. इ.स.पू. चारशेच्या सुमारास क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्यानं हिंदुस्थानातल्या एका पक्ष्याविषयी लिहिलं, की तो तिथल्या लोकांची भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की हा पक्षी हिंदुस्थानातून येतो, हिरवा असतो, गळ्याभोवती तांबडी कंठी असते. शिकवण्याची तऱ्हाही त्यानं दिली आहे. याचं डोकं चोचीइतकंच टणक, म्हणून शिकवताना डोक्यात लोखंडी कांबीनं मारावं, नाही तर त्याला कळत नाही! आपल्याकडच्या माडीवर डाळिंब आणि तिकडे कांब. पण दोन्हीकडे अपेक्षा एकच होती. त्यानं आपली भाषा बोलावी. त्याला स्वतःची काही भाषा असेल हा प्रश्न कुणाला पडला नाही.

निदान पिंजऱ्याजवळ बसलेल्यांना पडला नाही. पिंजऱ्याबाहेरचा पोपट पाहणारे डोळेही होते, आणि ते आपल्याच मुलखातले होते. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात, आभाळातून उतरणाऱ्या पोपटांच्या थव्याचं वर्णन आहे. आकाशलक्ष्मीच्या गळ्यातून माणिक-पाचूंचा कंठा निसटून खाली यावा तशी ती रांग कवीला दिसली. रानात एकटा पोपट सहसा दिसत नाहीच. दिसते ती रांग, ऐकू येतो तो कलकलाट. आणि जोंधळ्याच्या शेतात हाच कंठा उतरला की आपला शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो. शेतात दगड, ओसरीवर डाळिंब, आणि पक्षी तोच.

ढोलीतून पिंजऱ्यात

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हा माडीवरचा पोपट तिथे आला कसा? याचं सविस्तर उत्तर सातव्या शतकात बाणभट्टानं दिलेलं आहे. त्याची कादंबरी इतकी गाजली की मराठीत त्या वाङ्‌मयप्रकाराचं नावच कादंबरी पडलं. आपण रोज हा शब्द वापरतो आणि विसरतो की मूळ कादंबरीतली कथा सांगतो कोण, तर सोन्याच्या पिंजऱ्यातून शूद्रक राजाच्या दरबारात आणलेला वैशंपायन नावाचा पोपट. आणि तो आधी स्वतःची हकीकत सांगतो.

पंपा सरोवराकाठी एक जुनी शाल्मली आहे, म्हणजे आपली काटेसावर. तिच्या ढोल्यांतून, फांद्यांच्या बेचक्यांतून पोपटांची वस्ती आहे. वैशंपायनाची आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली. म्हातारा बाप उडून चारा आणू शकत नाही, म्हणून इतरांच्या घरट्यांतून खाली पडलेले दाणे वेचून पिल्लाला भरवतो. एके दिवशी शबरांची टोळी शिकारीला येते. टोळी पुढे निघून जाते, पण एक म्हातारा शबर मागे राहतो. त्याला काही शिकार मिळालेली नसते. तो झाडावर चढतो, ढोल्यांत हात घालून न उडणारी पिल्लं एकेक करून बाहेर ओढतो, मारतो आणि खाली टाकतो. बाप आपल्या पिल्लाला पंखाखाली घेतो. शबर बापाची मान पिरगळतो. पिल्लू त्या मेलेल्या पंखांत गुरफटलेलं पाचोळ्यावर पडतं आणि वाचतं.

हे सगळं अलंकारिक संस्कृतात आहे, लांबच लांब समासांत आहे. पण अलंकार बाजूला काढले तर पाखरांच्या धंद्याची अचूक नोंद उरते. ढोलीत हात घालायचा, पंख न फुटलेलं पिल्लू काढायचं, कारण तेच माणसाला सरावतं आणि बोलायला शिकतं. शबर खाण्यासाठी मारत होता, पुढचे लोक विकण्यासाठी धरू लागले, एवढाच फरक. आपल्याकडचा साधा कंठीवाला पोपट उन्हाळ्याच्या तोंडाशी ढोलीत अंडी घालतो. एकच ढोली जोडी वर्षानुवर्षं वापरू शकते. पिल्लासाठी ढोली फोडली की त्या वर्षीचीच वीण जाते असं नाही, ती जागाच जाते.

यात एका गोष्टीकडे कानाडोळा करू नये. झाडावर चढणारा हात नेहमी गरिबाचा होता. बाणाचा शबर असो, की पुढच्या काळातले पारधी असोत. फासेपारधी या नावातच फास आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. त्या शिक्क्याखाली पारधीही भरडले गेले. धरणाऱ्याला गुन्हेगार म्हणायचं आणि विकत घेणाऱ्याला पक्षिप्रेमी, असा आपला न्याय आहे. पिंजऱ्याला गिऱ्हाईक नसतं तर ढोलीत हात गेला नसता.

नळीवरचा पोपट

धरण्याची दुसरी तऱ्हा ज्ञानेश्वरांना ठाऊक होती. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मधल्या ज्ञानेश्वरीत, सहाव्या अध्यायात, शुकनळिकेचा दृष्टांत येतो. दोरीत ओवलेली पोकळ नळी टांगायची. पोपट तिच्यावर बसला की त्याच्या भारानं नळी फिरते आणि तो उलटा होतो. घाबरून तो नळी घट्ट धरतो. त्याला वाटतं आपण बांधलो गेलो. कुणीच बांधलेलं नाही. सोडली तर उडून जाईल, पण तो सोडत नाही. माणूसही असाच स्वतःला बांधून घेतो, असं माउलींना सांगायचं आहे.

दृष्टांत म्हणून तो अजोड आहे. पण त्यापायी आमच्या हातून एक पाप घडलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आमच्या आजोळी ओसरीच्या आढ्याला पिंजरा टांगलेला असे. त्यात राघू. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, अधूनमधून पेरूची फोड आणि आजोबांच्या बशीतला चहा, हे त्याचं खाणं. आल्यागेल्याला "या बसा" म्हणे. एका सुट्टीत देवळात कीर्तन झालं आणि बुवांनी शुकनळिका फार रंगवून सांगितली. आम्ही मामेभावंडांनी दुसऱ्या दिवशी दुपारी, घर झोपलेलं असताना, राघूच्या पिंजऱ्याचं दार उघडलं. तो आला नाही. आम्हाला वाटलं, हा त्या नळीवरच्या पोपटासारखा भ्रमात आहे. मग त्याला काडीनं ढोसून बाहेर काढलं. तो परसातल्या भिंतीपर्यंत कसाबसा फडफडत गेला. कावळे जमले. आजी धावत आली तोवर उशीर झाला होता. रात्री तो गेला. आजी आम्हाला रागावली नाही. तिनं फक्त पिंजरा घासून पुसून माळ्यावर ठेवला, आणि त्या घरात पुन्हा पोपट आला नाही.

आमचं चुकलं कुठे, हे कळायला पुष्कळ वर्षं लागली. नळीवरचा पोपट रानातला आहे. त्याचे पंख धड आहेत, थवा जवळ आहे. त्यानं पकड सोडली तर तो खरोखरच उडेल. पिंजऱ्यातला राघू तसा नाही. वर्षानुवर्षं न वापरल्यानं त्याच्या छातीचे उडण्याचे स्नायू झिजलेले असतात. चारा कुठे, पाणी कुठे, ससाणा आला तर कुठे दडायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं, कारण शिकवणारे आईबाप ढोलीपाशीच सुटले. तो दाराबाहेर येत नाही तो भ्रमामुळे नव्हे. त्याला आपली अवस्था आपल्यापेक्षा चांगली कळते.

पोपटपंची

मराठीत अर्थ न समजता बडबडण्याला पोपटपंची म्हणतात. या शब्दाची परीक्षा झाली ती अमेरिकेत. आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी १९७७ मध्ये साध्या दुकानातून एक करडा आफ्रिकन पोपट घेतला, त्याचं नाव ॲलेक्स. २००७ मध्ये तो मेला तोवर, तीस वर्षं, त्याच्यावर काम चाललं. शिकवण्याची पद्धत अशी की दोन माणसांनी त्याच्यासमोर एकमेकांना वस्तूंची नावं विचारायची, बरोबर उत्तराला ती वस्तूच बक्षीस द्यायची, आणि पोपटानं ते पाहत स्पर्धेत उतरायचं. प्लिनीच्या कांबीची गरज पडली नाही. ॲलेक्सला शंभराहून अधिक शब्द आले. रंग, आकार, सहापर्यंतची संख्या तो सांगे. दोन वस्तूंत सारखं काय आणि वेगळं काय, हेही सांगे.

दुसरं काम व्हेनेझुएलातल्या छोट्या रानपोपटांवर झालं आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की प्रत्येक पक्ष्याची एकमेकांना ओळखण्याची स्वतंत्र हाक असते आणि पिल्लं ती आईबापांकडून घेतात. म्हणजे ढोलीत असतानाच पिल्लाचं बारसं होतं म्हणा ना! आवाज उचलण्याची ही ताकद माणसांच्या करमणुकीसाठी आलेली नाही, थव्यात एकमेकांना हाका मारण्यासाठी आलेली आहे. थवा काढून घेतला की तो आपल्याच हाका उचलतो. आजोळचा राघू "या बसा" म्हणत होता, तेव्हा तो आमच्या घराला आपला थवा समजत होता. हे कळल्यावर ती आठवण जास्तच बोचते.

कायदा आणि बाजार

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९० च्या सुमारास देशी पक्ष्यांच्या व्यापाराची उरलीसुरली दारंही बंद झाली. साधा पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पोपट, जांभळ्या डोक्याचा तुईया, सह्याद्रीतला निळ्या पंखांचा पोपट, यांपैकी कुठलाच धरता, विकता किंवा घरात ठेवता येत नाही. अशोकाची यादी पुन्हा लागू झाली, या वेळी पिंजऱ्यासकट.

मग दुकानात दिसतात ते कोण? बहुतेक परदेशी. ज्यांना आपण सरसकट लव्हबर्ड म्हणतो ते पुष्कळदा ऑस्ट्रेलियाचे बजरीगर असतात. १८४० मध्ये जॉन गूल्ड यांनी ते जिवंत इंग्लंडात नेले, आणि तेव्हापासून पिंजऱ्यातच त्यांची वीण झाली. रानातला बजरीगर हिरवा. निळे, पांढरे प्रकार माणसानं निवडून केले. पाळणं म्हणतात ते हे. पावणेदोनशे वर्षांत बजरीगर पाळीव झाला, दोन हजार वर्षांत राघू झाला नाही, कारण ढोली होती तोवर कुणी तसदीच घेतली नाही. पण परदेशी म्हणजे सगळं आलबेल असंही समजू नका. ॲलेक्सच्या जातीचे करडे पोपट आफ्रिकेत इतके धरले गेले की २०१७ पासून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद करावा लागला. अशा जातींची नोंदणी आपल्याकडेही २०२४ च्या नियमांनी सक्तीची झाली आहे.

काकूंना उत्तर

काकू आज आल्या आहेत की नाही माहीत नाही, पण उत्तर त्यांनाच आहे.

दार उघडून हाकलू नका. आमच्यासारखं करू नका. वनखात्याला कळवा, महाराष्ट्रात त्यांचा १९२६ हा क्रमांक आहे. बचाव केंद्रात मोठ्या जाळीत त्याला इतर पोपटांबरोबर ठेवून पाहतात, पंखांत बळ येतं का, स्वतः चारा शोधतो का, हे तपासतात. जमलं तर थव्यासोबत सोडतात. अकरा वर्षांनी ते जमेलच असं नाही, पण निदान त्याला त्याच्या जातीचा आवाज ऐकू येईल.

आणि तो जाईपर्यंत, किंवा ज्यांच्याकडे रीतसर घेतलेले परदेशी पोपट आहेत त्यांनी कायमच, काही गोष्टी सांभाळाव्यात. पिंजरा इतका रुंद हवा की दोन्ही पंख पूर्ण पसरता येतील. सगळीकडे एकाच जाडीची गुळगुळीत दांडी नको, तिनं पाय सोलतात; पेरूच्या, कडुनिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या घाला, कुरतडायला त्याच होतील. नुसत्या डाळीवर आणि बियांवर ठेवू नका, अ-जीवनसत्त्व कमी पडतं. पालेभाजी, गाजर, मोड आलेली कडधान्यं, फळं, बाजरीचं कणीस द्या. मिरचीनं जीभ फुटते हा समज आहे. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, आणि आवाज तयार होतो तो श्वासनळीच्या तळाशी. चहा, चॉकलेट, ॲव्होकाडो अजिबात नको. पिंजरा स्वयंपाकघरात टांगू नका. नॉनस्टिक भांडं फार तापलं तर त्याच्या वाफेनं पक्षी जागच्या जागी मरतो. सकाळचं कोवळं ऊन आणि रात्री दहा-बारा तास अंधार द्या. पिसं फुगवून गप्प बसला तर दुखणं पुढे गेलंय असं समजा, कारण पक्षी आजार लपवतो; ताबडतोब पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. स्वतःची पिसं उपटू लागला तर तेही दाखवा, आणि तो दिवसातला किती वेळ एकटा असतो याचा हिशेब करा. पिंजरा साफ केल्यावर हात धुवा, पोपटज्वर माणसालाही होतो.

हे सगळं केलं तरी ऋण फिटत नाही, हेही खरं. ढोली परत देता येत नाही. पण रस्त्याकडेचं जुनं झाड पोकळ झालं म्हणून तोडायला निघालेल्यांना थांबवता येतं. आमच्या आजोळच्या परसामागे एक जुना आंबा अजून उभा आहे. त्याला ढोली आहे, आणि फेब्रुवारीत तिच्या तोंडाशी एक हिरवं डोकं दिसतं. पिंजरा अजून माळ्यावर आहे. आजीनं तो भंगारात का दिला नाही, हे आम्ही तिला विचारलं नाही.